जामफळच्या पाण्यावर जनरेटर कशाला?

सोनगीरची ओळख पाण्याशी जोडलेली नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, धुळ्याच्या उत्तरेला असलेले हे गाव लोकांना माहीत आहे ते किल्ल्यामुळे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. तरीही नांगरलेल्या होडीवर जनरेटर असावा की नसावा, हा प्रश्न सोनगीरच्या अंगणात येऊन ठेपला आहे आणि त्याचे कारण जामफळ. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पावसाळ्यात तापीतून वाहून जाणारे पुराचे पाणी सुलवाडे बॅरेजमधून उचलायचे, सोनगीरजवळच्या जामफळ धरणात आणि पुढे कनोलीत साठवायचे आणि धुळे-शिंदखेडा भागातली कोरडवाहू शिवारे भिजवायची, अशी ही आखणी. पाणी शेतीचे आहे आणि त्यावर पहिला हक्क शेतीचाच राहिला पाहिजे. पण महाराष्ट्रात मोठा जलाशय भरला की नौकाविहाराची मागणी मागोमाग येते. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला बोटी कित्येक वर्षांपासून चालतात, २०२४ मध्ये त्याच जलाशयावर मुनावळ्याचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले; समुद्राकडे तारकर्लीला पर्यटन महामंडळाने कर्ली नदीच्या पात्रात हाउसबोटी आणल्या. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, त्यांत तापीही आहे आणि नर्मदाही. खानदेशात रात्रीच्या मुक्कामाची बोट आज नाही, पण उद्या कोणीतरी तिचा प्रस्ताव घेऊन येणारच. त्या प्रस्तावात ‘डिझेल जनरेटर, एक नग’ अशी ओळ असेल आणि ती कोणी वाचणारही नाही. ती ओळ वाचावी आणि खोडावी, एवढ्यासाठी हा लेख.

रात्री नांगर टाकून उभ्या असलेल्या होडीला कायद्याने नेमके काय लागते, इथून सुरुवात करू. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेले आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नांगरलेल्या नौकेने सगळ्या बाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा लावावा. एक दिवा, दोन नाहीत. सहलीच्या नौकेच्या आकाराला त्याचा पल्ला दोन सागरी मैल पुरतो. पूर्वी यासाठी रॉकेलचा कंदील डोलकाठीला टांगत. पुढे दहा वॉटचा बल्ब आला आणि रात्रभरात तो बॅटरी बरीच उतरवत असे. आज तेवढाच उजेड एलईडीचा दिवा तीन वॉटमध्ये देतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळला तरी त्याची वीज ३६ वॉट-तास होते, म्हणजे एका युनिटचा अठ्ठाविसावा भाग. जलाशयावर सागरी नियम जसेच्या तसे लागू होत नसले, तरी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानंतरही दिव्यामागचा विचार तोच राहतो: दुसऱ्याला आपण दिसलो पाहिजे. त्याला जनरेटर लागत नाही.

मग उरते ती माणसांची गरज. सहा माणसांची, तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद, दोन खोल्यांची एक बोट डोळ्यासमोर ठेवू. पाच वॉटचे आठ दिवे पाच तास जळले तर २०० वॉट-तास. चार पंखे रात्रभर, समजा दहा तास. हे पंखे हल्ली मिळणारे अठ्ठावीस वॉटचे असतील तर सव्वा युनिटच्या आत, आणि घरातल्यासारखे जुने पंचाहत्तर वॉटचे असतील तर थेट तीन युनिट. हा एक फरक पुढचा सगळा हिशेब फिरवतो, म्हणून तो लक्षात ठेवावा. बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज दिवस-रात्र मिळून साधारण सहाशे वॉट-तास खातो. पिण्याच्या पाण्याचा छोटा पंप, सहा मोबाइल, होडीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप, यांना मिळून दोन-सव्वादोनशे. सगळी बेरीज सव्वादोन युनिटच्या आसपास थांबते. खानदेशातल्या घराला ही बेरीज नवी नाही. लोडशेडिंगच्या काळात दोन पंखे आणि चार दिवे रात्रभर इन्व्हर्टरवर काढलेली घरे इथे गल्लोगल्ली आहेत. त्या घरांनी अंगणात जनरेटर बसवला नाही. जनरेटर आला तो लग्नाच्या मांडवात आणि दवाखान्यात, जिथे भार खरोखर मोठा होता किंवा खंड परवडणारा नव्हता.

सव्वादोन युनिट आणायचे कुठून? धुळे जिल्ह्याला याचे उत्तर बाहेरून शिकायला नको. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे आणि तो इथे आला तो इथल्या उन्हाच्या भरवशावर. या भागात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तास पूर्ण क्षमतेने चालल्याइतकी वीज देते, असे धरून चालता येते. बोटीचे छप्पर सपाट असते, ते सूर्याकडे कलवता येत नाही. धूळ असते, तापल्यावर पॅनेलची क्षमता घटते. ही सगळी घट पाव भाग धरली तरी चारशे वॉटच्या एका पॅनेलमधून दिवसाला दीड युनिट निघते. दोन पॅनेलवर वर सांगितलेली रात्र निघून जाते. चार लावली, तर सहा युनिट हाती येतात आणि ढगाळ दिवसाची बेगमी होते. चार पॅनेलना जागा लागते आठ चौरस मीटर. आपल्या बोटीचे छप्पर अठ्ठावीस चौरस मीटरचे आहे. जोडीला पाच युनिट साठवणारी लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेतली तर तिचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका हलक्या प्रवाशापेक्षा जास्त नाही. सौर कृषी पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याने हाच क्रम पाळला आहे. तीन अश्वशक्तीचा पंप घ्यायचा की साडेसातचा, हे तो विहिरीचे पाणी आणि पिकाची गरज पाहून ठरवतो. आधी गरज, मग यंत्र. बोटीच्या बाबतीत मात्र आधी यंत्र विकत घेतले जाते आणि नंतर त्याला काम शोधले जाते.

आता तीच रात्र जनरेटरवर काढून पाहू. बाजारात सहज मिळणारा लहान डिझेल जनरेटर पाच केव्हीएचा, म्हणजे चार किलोवॉटचा. आपल्या बोटीचा रात्रीचा सरासरी भार दोनशे वॉट, म्हणजे त्या यंत्राच्या क्षमतेचा विसावा भाग. पण यंत्र फिरत राहण्यासाठीच तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जाळते, मग त्याच्यावर पंखा असो वा नसो. दहा तासांत सात-आठ लिटर डिझेल जळते आणि हाती येतात दोन युनिट. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट एवढी ऊर्जा असते हे लक्षात घेतले, तर सत्तर-ऐंशी युनिटची ऊर्जा जाळून दोन युनिट वापरली गेली. बाकीची उष्णता, धूर आणि आवाज होऊन जलाशयावर पसरली. कमी भारावर सतत चालवलेले डिझेल इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळालेले इंधन आणि काजळी धुराड्यात साचते, तेल खराब होते. पंप चालवणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हे सांगावे लागत नाही. ‘जनरेटर असू दे, कमी भारावर चालेल’ असे म्हणणारा माणूस यंत्राचेही नुकसान करत असतो.

पैशांचे हे नुकसान सोसता येईल. न सोसण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा धरणाचा मोठा जलाशय आहे. हाउसबोटींवर मुक्काम करायला तिथे हजारो कुटुंबे जातात. ऑगस्ट २००० मध्ये तिथे एका हाउसबोटीच्या मागच्या बाजूला पोहणारे दोन सख्खे लहान भाऊ मरण पावले. बोटीचा जनरेटर चालू होता आणि त्याचा धूर मागच्या फळीखालच्या पोकळीत सोडलेला होता. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेने मग या बोटींची तपासणी केली. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी कार्बन मोनॉक्साइडची पातळी हवेच्या दहा लाख भागांत बाराशे भाग अशी आहे. त्या पोकळ्यांत ती कित्येक पटींनी ओलांडली गेलेली आढळली. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गळून गेल्यासारखे वाटते, आणि ज्याला हे जाणवते तो ‘ऊन लागले असेल’ म्हणून आडवा होतो. पेट्रोलच्या जनरेटरमधून तो सर्वाधिक निघतो, डिझेलमधून कमी. पण आपल्याकडे बोटीवर हौसेने चढवला जातो तो बहुधा उचलून नेता येणारा छोटा पेट्रोलचाच. धुराडे उंच करून छपराच्या वर नेले तर धोका बराच कमी होतो, असे त्याच संस्थेने पुढे दाखवून दिले, हे सांगायला हवे. मात्र नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर फिरते, बाजूला दुसरी बोट बांधलेली असते, आणि वारा पडलेल्या रात्री वर गेलेला धूर खाली उतरून शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. आपले धुराडे उंच असल्याने शेजारच्या बोटीत झोपलेले मूल सुरक्षित होत नाही.

आवाजाचेही तसेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ‘सायलेंट’ म्हणून विकला जाणारा जनरेटर एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज करू शकतो, तेवढी त्याला मुभा आहे. रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज वर निसटून न जाता पृष्ठभागालगत वाकत दूरवर जातो. मध्ये झाड नाही, भिंत नाही. जामफळच्या काठावरच्या गावाने त्या धरणासाठी जमिनी दिल्या आहेत. त्या गावाची झोप पाच-सहा पर्यटकांच्या थंड खोलीसाठी मोडावी, हे मला मुळीच मान्य नाही.

बोटीवरचा जनरेटर ही किरकोळ बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी कोकण किनाऱ्याकडे पाहावे. तिथे प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्याची पद्धत वाढली आणि ते दिवे पेटवायला बोटींवर मोठे जनरेटर चढले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला सागरी मासेमारीचा कायदा दुरुस्त करून दंड कडक केले. तरीही पारंपरिक मच्छीमारांचा त्याविरुद्धचा झगडा चालूच आहे, कारण एकदा यंत्र बोटीवर चढले की ते उतरवणे फार अवघड जाते. त्याच्यासाठी कर्ज काढलेले असते, हप्ते असतात, त्याच्यावर रोजगार उभा राहिलेला असतो. जामफळवर अजून एकही जनरेटर चढलेला नाही. नियम करायला याहून सोपी वेळ मिळणार नाही.

सगळ्यात जोरदार आक्षेप उकाड्याचा आहे आणि तो खोटा नाही. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, एसी नसलेल्या खोलीत पैसे देऊन कोण झोपणार? म्हणून एसी, आणि एसी म्हणून जनरेटर. या साखळीतली पहिली कडीच तपासू. सिंचनाचा जलाशय मे महिन्यात सर्वांत रिकामा असतो. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने सोडल्यावर पाणी खाली जाते, धक्का चिखलात उभा राहतो. बोटीचा खरा हंगाम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. त्यातला डिसेंबर-जानेवारी म्हणजे धुळ्याची ती थंडी, जिच्या बातम्या दरवर्षी राज्यभर छापून येतात. त्या रात्री एसी लावणारा कोण? म्हणजे जे यंत्र वर्षातल्या थोड्या रात्रींसाठी हवे, ते वर्षभर बोटीवर वाहायचे. उरलेल्या उबदार रात्रींचे उत्तर बोटीच्या बांधणीतच आहे. पुढच्या टोकाला एकाच नांगरावर उभी असलेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. वारा फिरला की तीही फिरते. त्यामुळे नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकाची झडप उघडी ठेवली आणि तिच्यावर तिरके कापड बांधले, तर वारा कुठूनही आला तरी तो खोलीत उतरतो आणि मागच्या खिडकीतून निघून जातो. घराला हे जमत नाही, कारण घर फिरत नाही. पण हाउसबोट म्हणून पेटीसारखी काचबंद खोली पाण्यावर ठेवली आणि तिला चारही बाजूंनी दोरांनी जखडले, तर ही सोय हातची जाते आणि मग एसीशिवाय खरोखर गुदमरायला होते. खानदेशातली माणसे उन्हाळ्यात धाब्यावर बाजा टाकून झोपत आली आहेत. मच्छरदाणी बांधलेले उघडे छत बोटीवर ठेवणे काही कमीपणाचे नाही.

तरीही कोणाला एसी हवाच असेल, तर तोही हिशेबात बसवून पाहावा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी पाऊण युनिट घेतो. दोन खोल्या, आठ तास, बारा युनिट. आधीचे सव्वादोन मिळवले की चौदा युनिट झाले. यासाठी छपरावर जवळपास चार किलोवॉटची पॅनेल लागतील, वीस चौरस मीटर जागा, आणि दीडशे किलोच्या बॅटऱ्या. आपल्या बोटीच्या छपरावर हे मावते, पण दोन दिवस सलग ढग आले की संपते. त्यापेक्षा साधा मार्ग धक्क्यावर आहे. केरळात हाउसबोटी संध्याकाळी थांबतात, कारण रात्री तिथले मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. ज्या बोटींना जमते त्या काठावरच्या विजेला जोडून एसी चालवतात. जामफळसारख्या जलाशयात कुठलाही काठ फार लांब नाही. एसीची बोट रात्री धक्क्याला यावी आणि मीटरवर वीज घ्यावी. मध्ये नांगर टाकून राहायचे असेल तर पंख्यावर राहावे. बोट चालवण्याइतकी वीजही उन्हातून मिळते, हे त्याच केरळने दाखवले आहे. वैकम ते तवनक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट दिवसभर फेऱ्या मारते. तिच्या छपरावर २० किलोवॉटची पॅनेल आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: अडीअडचणीला जनरेटर हवा. यात एक गैरसमज आहे. अडचणीत लागणाऱ्या गोष्टी म्हणजे दिवा, वायरलेस किंवा मोबाइल आणि तळातले पाणी उपसणारा पंप. त्या तिन्ही बॅटरीवर चालतात. बोटीत कायमचा बसवलेला जनरेटर बहुधा स्वतःच बॅटरीवर सुरू होतो, तो होडीच्या तळाजवळ असतो आणि पाणी शिरले की आधी तोच बंद पडतो. सुरक्षेसाठी हवी ती दुसरी वेगळी बॅटरी, बाकीच्या वायरिंगपासून तोडलेली, उंचावर ठेवलेली. लिथियमला आग लागते, ही भीती पूर्णपणे निराधार नाही. म्हणून फॉस्फेट प्रकारची, नियंत्रक असलेली, हवेशीर पेटीत घट्ट बसवलेली बॅटरीच हवी. पण ही भीती मांडणाऱ्याने वीस लिटरचा डिझेलचा कॅन आणि तळाशी साचणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसची भीतीही त्याच तराजूत घालावी.

जिथे वीज खंडित होणे खरोखर जिवावर बेतते, ते पाणी आपल्या शेजारीच आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर आरोग्यसेवा पोहोचते ती तरंगत्या दवाखान्यातून आणि बोट रुग्णवाहिकेतून. तिथे लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते, बाळंतपण मध्यरात्री येते. अशा बोटीवर कोणी जनरेटर ठेवला तर त्याला नाव ठेवायचे कारण नाही. तिथे दोन साधने असलीच पाहिजेत. आणि तिथेही लसीचा भार जनरेटरवर टाकलेला नसतो. बर्फाच्या अस्तराचे फ्रिज वीज गेल्यावरही तासन्‌तास थंड राहतात, थेट सौरऊर्जेवर चालणारे लसफ्रिज जगभर वापरात आहेत. महासागर ओलांडणाऱ्यांची गोष्टही वेगळी. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशा प्रवासात आपोआप सुकाणू धरणारे यंत्र, उपग्रहफोन, रडार यांची भूक रात्रंदिवस असते आणि धक्का महिनोन्‌महिने दिसत नाही. पण तिथेही विजेविना काय निभते याचा दाखला मुंबईनेच दिला आहे. मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस न थांबता जगाला फेरी मारून आले, वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला, प्रवास थांबला नाही. जामफळवर एक रात्र काढणाऱ्या कुटुंबाने आपली गरज या दोन टोकांत कुठे बसते, ते पाहावे.

आता करायचे काय, तेही सांगतो. जलाशय तापी पाटबंधारे विकास महामंडळाचा, बोटीची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या कायद्याखालच्या यंत्रणेची. बोटीला पाण्यात उतरायला परवाना देतानाच तीन अटी घालाव्यात. अर्जासोबत मालकाने रात्रीच्या भाराचा हिशेब द्यावा: कोणते उपकरण, किती वॉट, किती तास. नांगरलेल्या सहलीच्या बोटीवर इंधनाचा जनरेटर चालवायला बंदी असावी, आणि मुक्कामाच्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे असावे, कारण स्वयंपाकाची शेगडी आणि बोटीचे इंजिन तर राहणारच. धक्का बांधताना त्याच्या अंदाजपत्रकात वीजजोडणीचे खांब धरावेत. नंतर खोदून केबल टाकायचा खर्च कोणी करत नाही. हे खांब मे महिन्याच्या पाणीपातळीलाही पोहोचतील अशा तरंगत्या धक्क्यावर हवेत, नाहीतर पाणी उतरले की प्लग काठावर राहील आणि बोटवाला पुन्हा डिझेलचा कॅन उचलेल.